वाडे बाहेर असताना आम्ही डोंगर बंद केला : सगळ्यांना घेऊन काम करायचं म्हणजे नक्की कसं?

माळवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

आमचं गाव माण तालुक्यात, पर्जन्यछायेतलं. मी इथली सून, बचत गटांचं काम बघते. २०१८ साली आमच्या गावानं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या पाणी अडवण्याच्या कामाच्या स्पर्धेत भाग घेतला होता. त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं काढला. आमचा नंबर आला नाही, पण मला लिहायचंय ते नंबराबद्दल नाही. एकमेकांशी धड न बोलणारी माणसं एका कामाला कशी लागली आणि तरीही आमच्या हातून एक मोठी चूक कशी झाली, ते सांगायचंय.

प्रशिक्षणाला आम्ही पाच जण गेलो. मी, एक निवृत्त गुरुजी, गावातल्या दोन पार्ट्यांचा एकेक तरुण आणि खालच्या वस्तीवरची एक मुलगी, नुकतीच बारावी दिलेली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून ते दोन तरुण एकमेकांच्या दारावरून जात नव्हते. जीपमध्ये एक पुढं बसला, एक पार मागं.

तिथं आम्हाला हायड्रोमार्कर शिकवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन काठ्या, त्यांवर मोजपट्टी आणि दोन्हींना जोडणारी पाण्याची पारदर्शक नळी. डोंगराच्या उतारावर एकानं एक काठी धरायची, दुसऱ्यानं दुसरी. दोन्हीकडं पाणी एकाच आकड्यावर आलं की ते दोन ठिपके एका पातळीत, मग चुन्याची फक्की टाकून पुढं सरकायचं. एकट्या माणसाला हे काम करताच येत नाही. शिकवणाऱ्यांनी नेमके ते दोघे एकत्र घातले. पहिला अर्धा तास वस्तीवरची पोरगी मध्ये उभी राहून इकडचा आकडा तिकडं सांगत होती. मग एका ठिकाणी वारं सुटलं, तिचा आवाज पोचेना, आणि वरच्या अंगाचा ओरडला, "माझं सत्त्याऐंशीला आलंय, तुझं किती?" खालून उत्तर आलं, "नव्वद. जरा खाली ये." निवडणुकीनंतर त्यांचं एकमेकांशी झालेलं ते पहिलं बोलणं. मी तिथंच होते. अजून आठवलं की भरून येतं.

गावात आल्यावर पहिली सभा देवळात, रात्री आठला. स्पीकर लावला, दवंडी दिली. आले कोण, तर पुरुष, तेही दोन आळ्यांतले. वस्तीवरच्या पोरीनं दुसऱ्या दिवशी गुरुजींना सरळ सांगितलं, "गुरुजी, देवळाच्या ओट्यावर आमचा आजा कधी बसला नाय. आमची माणसं तिथं येऊन काय बोलतील?" आणि आठ वाजता बायका भाकरी थापत असतात, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, मी स्वतः बाई असून. पुढची सभा शाळेच्या पटांगणात, सकाळी साडेदहाला घेतली. ती भरली.

पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं असतं. वरून वाहून येणारं पाणी आणि गाळ आधी वरच अडवायचा, नाहीतर खालचे बांध पहिल्याच पावसात गाळानं भरतात किंवा फुटतात. यामुळं गावात काय झालं बघा. ज्यांच्या जमिनी ओढ्याकाठी, ते म्हणत होते की आमच्या बांधापासून सुरू करा. पण माथा म्हणजे गायरान, ते कुणाच्याच मालकीचं नाही. तिथं वावर फक्त वस्तीवरच्या शेळ्यांचा आणि धनगरांच्या मेंढरांचा. म्हणजे शास्त्रच आम्हाला आधी त्यांच्या जागेवर घेऊन गेलं. तिथंच आमचं चुकलं.

चर खोदले, दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती खालच्या अंगाला. भर मे महिन्यात पहाटे पाचला दीडशे-दोनशे माणसं डोंगरावर. गवताचं बी टाकायचं ठरलं, आणि चर टिकायचे तर चराईबंदी हवी, हेही ठरलं. ग्रामसभेत ठराव झाला, एकमतानं. टाळ्या पडल्या.

आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळी झाली की वाडे, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडतात. कऱ्हाडकडं, कोल्हापूरकडं, काही पार कोकणात. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. आमचा ठराव मे महिन्यातला. गावातली तीसेक घरं त्या दिवशी गावातच नव्हती. "एकमतानं" लिहिताना आमच्या कुणाच्याच मनात ते आलं नाही.

जूनमध्ये वाडे आले. मी डोंगरावर बी टाकत होते. एक आत्या कोकरू काखेत घेऊन चराच्या काठाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, ही वाट आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यापास्नं हाय. कुणाला इचारून खणली?" मी पिशवीतून ठरावाची प्रत काढली, सह्यांची यादी दाखवली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "यातलं आमच्यातलं एक नाव वाचून दाव." मी पानं उलटली. एकही नव्हतं.

त्या रात्री शंभर-दीडशे फूट चर तुडवून मोडला गेला. कुणी केलं ते कळलं, पण सिद्ध करायला कुणी गेलं नाही. पोरं पोलीस केस करायला निघाली होती, गुरुजींनी अडवली. त्यानंतर दीड वर्ष गावात अबोला. आमच्या पाच जणांतही फूट पडली. वस्तीवरची पोरगी म्हणत होती की आत्याचं बरोबर आहे, दोघं तरुण म्हणत होते की असं प्रत्येकाचं ऐकत बसलो तर काम होणारच नाही. ते दोघं आता एका बाजूला होते, हेही नवलच.

२०१९ च्या दिवाळीत, वाडे निघायच्या आधी, आम्ही पाचही जण त्यांच्या माळावर गेलो. बोलावलं नाही, गेलो. पहिला तासभर आम्ही फक्त ऐकून घेतलं. मग एक म्हातारे तात्या म्हणाले, "ते मधले दोन चर चुकलेत. तिथनं पाणी फुटतं, कायमच फुटतं." त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात ते चर त्याच जागी फुटले होते. आमच्या नळीला पातळी कळली होती. पाणी कुठं जोर धरतं ते त्या डोंगरावर पन्नास वर्षं मेंढरामागं फिरलेल्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला आम्ही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं ते असं : डोंगराचे तीन भाग करायचे, एका वेळी एकच भाग बंद. तळ्यावर जायची मेंढरांची वाट मोकळी. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क मेंढपाळांचा. हे अजून चाललंय, अधूनमधून कुरबूर होते, पण चाललंय.

आता गावात गाळ काढणं, चर दुरुस्ती आणि पाण्याचा हिशोब असं पुढचं काम घ्यायचं ठरतंय, आणि सगळे म्हणतात की तुम्ही पाच जण पुढं व्हा. मला भीती वाटते ती पुन्हा तीच चूक करण्याची. ज्यांनी अशी वेगवेगळ्या थरांतली माणसं जोडून काम केलंय, त्यांना विचारते : जो माणूस बैठकीला येऊच शकत नाही, त्याला निर्णयात कसं धरायचं?

---

दगडफूल

ताई, आधी तुमचे आभार. यादीत एकही नाव नव्हतं, ते वाचून थांबलो.

मी गडचिरोलीचा. आमच्याकडं धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. तिथले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावं अनेकांना माहीत असतील. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हातात आलं.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट म्हणजे तिथली पद्धत. तिथं मतदान होत नाही, सर्वसहमती होते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढं ढकलतात. आणि ग्रामसभेच्या बाजूला अभ्यास गट असतो. अभ्यास गटात विषय नुसता समजून घ्यायचा, निर्णय घ्यायचा नाही. बाहेरचा माणूस, वकील, अधिकारी, कुणीही तिथं येऊन बोलू शकतो. निर्णय मात्र गावाचाच. जाणकार माणूस आणि निर्णय घेणारा माणूस वेगळे ठेवल्यामुळं शिकलेल्यांचा शब्द आपोआप शेवटचा ठरत नाही.

तुमच्याकडं चर कुठं घ्यायचे हा अभ्यास गटाचा विषय होता. त्यात तात्या बसले असते तर ते दोन चर वाचले असते. चराई बंद करायची का, हा गावाचा विषय. तुम्ही दोन्ही एकाच सभेत, एकाच दमात उरकलं. स्पर्धेच्या ४५ दिवसांत दुसरं काय करणार, हेही मला कळतं.

---

माळवाट

@दगडफूल, "एका दमात उरकलं" हे अगदी खरं. सर्वसहमतीबद्दल एक विचारू? एकानं अडून बसायचं ठरवलं तर काय करतात? आमच्याकडं एक जण नुसत्या हट्टापायी वर्षभर अडवू शकतो.

---

दगडफूल

वेळ लागतो, त्याला पर्याय नाही. पण मी जे पाहिलंय त्यात अडणाऱ्याला "का" हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. कारण सांगितलं की बहुतेक वेळा त्या कारणापुरता बदल करता येतो. तुमच्या आत्यांचं कारण तळ्याची वाट हे होतं. वाट सोडल्यावर त्यांचा विरोध उरला का?

---

माळवाट

नाही उरला. वाट आणि गवत, एवढंच होतं.

---

कागदकाच

मी पुण्यात राहते, गावाचा अनुभव नाही. तरी हे वाचून आमच्या सोसायटीतलं सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं.

आमच्याकडं कचरा घ्यायला "स्वच्छ" संस्थेच्या ताई येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. म्हणजे कचऱ्याच्या कामात त्या आमच्या नोकर नाहीत, त्या व्यवस्थेतल्या भागीदार आहेत. हे मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली.

सोसायटीनं ओला-सुका वेगळा करायचं ठरवलं तेव्हा आम्ही वार्षिक सभेत दोन तास चर्चा केली. डबे कुठले, रंग कुठले, दंड किती. रविवारी संध्याकाळी, क्लबहाउसमध्ये. दोन महिन्यांत सगळं बारगळलं. मग कुणीतरी म्हणालं की ताईंना विचारा. त्यांचं काम आटोपतं दुपारी, म्हणून दोन वाजता, पार्किंगमध्ये, खुर्च्या टाकून बसलो. त्या म्हणाल्या, "डब्याच्या रंगाचं आम्हाला काही नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. आणि फुटलेली काच वेगळी द्या." एवढंच सांगताना त्यांनी हात पुढं केला. तळव्यावर जुन्या कापल्याच्या चार-पाच रेघा होत्या. आमच्या दोन तासांच्या चर्चेत "काच" हा शब्द एकदाही आला नव्हता.

आता दर तीन महिन्यांनी दुपारी दोनला बसतो. नोकरीवाले रजा काढून किंवा फोनवरून येतात. वेळ त्यांच्या सोयीची, अडचण झाली तर ती आम्ही सोसायची, हे ठरवूनच टाकलंय.

---

कोरडवाहू

मी आंबाजोगाईकडचा. २०१६ ला वॉटर कप पहिल्यांदा झाला तेव्हा तीनच तालुके होते : वरूड, कोरेगाव आणि आमचा. त्यामुळं हे सगळं जवळून बघितलंय, आणि श्रमदानाची ती पहाट मीही अनुभवलीय. त्या दिवसांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

तरीपण काही गोष्टी मोकळेपणानं विचारतो. एक, स्पर्धा असली की घाई येते, आणि घाईत ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. तुमच्या मे महिन्यातल्या ठरावाचं मूळ मला तिथं दिसतं. दुसरं, आणि हे महत्त्वाचं : पाणी आलं, ते कुणाच्या विहिरीत आलं? वरती घाम सगळ्यांनी गाळला. गायरानावर वस्तीवरच्या बायका खपल्या. पाणी मुरून उतरतं ते खाली, ओढ्याकाठी, जिथं जमीन मोठ्या खातेदारांची. मग त्यानं ऊस लावला की झालं. आमच्या शेजारच्या एका गावात हेच घडलं. ज्या बाईनं सगळ्यात जास्त दिवस श्रमदान केलं तिच्या घरी उन्हाळ्यात अजून टँकरच येतो.

ताई, टीका म्हणून नाही. तुमचा जीव यात आहे हे दिसतंय, म्हणूनच विचारतो.

---

माळवाट

@कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, लगेच उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडंही तेच झालंय. खालच्या अंगाच्या अकरा विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहतं, आधी डिसेंबरला तळ दिसायचा. त्यातल्या चार जणांनी ऊस लावला. वस्तीवर पिण्याच्या पाण्याची विहीर भरली, एवढं नक्की झालं, टँकर थांबला. पण ज्यांना जमीनच नाही त्यांच्या वाट्याला त्यापलीकडं काही आलं नाही. मेंढपाळांना गवत मिळालं, तेही भांडून.

वस्तीवरची ती मुलगी आता पदवीधर झालीय, तिनं मागच्या महिन्यात मला हेच विचारलं. "वैनी, चर मी आखले. पाणी माझ्या बापाला किती?" मी म्हटलं, बघू. बघू म्हणून गप्प बसले हे मला लागून राहिलंय.

---

येरळाकाठ

कोरडवाहू यांनी नेमका प्रश्न विचारला. याचं उत्तर आपल्याच मातीत दोनदा शोधलं गेलंय, आणि दोन्ही ठिकाणी ते अगदी वेगवेगळ्या माणसांनी मिळून शोधलं.

पहिलं पुरंदर तालुक्यातलं नायगाव. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले इंजिनियर-उद्योजक तिथं गेले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे : पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊस बंद. खर्चाचा काही वाटा सभासदांनी आधी भरायचा, म्हणजे फुकटचं वाटत नाही.

दुसरं माझ्या घराजवळचं, खानापूर तालुक्यातलं बळीराजा धरण, तांदूळवाडी आणि बलवडी या गावांचं, येरळा नदीवर. याची सुरुवात कुणी केली माहितीये? १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, आमच्या भागातले गिरणी कामगार गावी परतले. संप करायला शिकलेली ती माणसं. गावात दुष्काळ. त्यांच्यासोबत शेतकरी, कॉलेजची पोरं, लोकविज्ञान चळवळीतले लोक, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते आणि आराखड्यासाठी इंजिनियर के. आर. दाते. नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते, ती लढाई करून गावांनी वाळूतूनच पैसा उभा केला. पाणी प्रत्येक कुटुंबाला समान, भूमिहीन कुटुंबालासुद्धा. माझ्या वडिलांनी त्या कामावर पाट्या उचलल्या. ते सांगायचे, गिरणी कामगाराला शेती येत नव्हती आणि शेतकऱ्याला सभा चालवता येत नव्हती. इंजिनियरला दोन्ही येत नव्हतं, पण त्याचा आकडा चुकायचा नाही. पहिले काही महिने सगळे एकमेकांना शिकवत होते.

माळवाट ताई, यातलं माझ्या मते तुम्हाला कामाचं काय, तर या दोन्ही ठिकाणी वाटपाचा नियम पाणी यायच्या आधी ठरला. पाणी आल्यावर विहीरमालक नियम मान्य करत नाही. तुमचं पहिलं पाणी येऊन गेलं. पण गाळ काढणं आणि दुरुस्ती अजून व्हायचीय, त्यात सगळ्यांचे हात लागणार आहेत. नियम ठरवायची वेळ आत्ता आहे, कुदळ-खोऱ्याला हात लावण्याआधी.

---

निळीनळी

मी तशाच एका गावच्या समितीत होते, माझं वय तेव्हा एकोणीस. एक छोटी गोष्ट सांगते.

समितीत बायका हव्यात म्हणून माझं नाव घातलं. पहिल्या चार बैठकांत मी चहा केला आणि सह्या केल्या. पाचव्या बैठकीच्या दिवशी समपातळी आखायची ए-फ्रेम जुळवायची होती. दोन सारख्या बांबूंचा "ए", मध्ये आडवी काठी, टोकापासून दोरीला बांधलेला दगड. आडव्या काठीवर मध्य कुठं, यावरून वाद. सगळे टेपनं मोजत होते. मला प्रशिक्षणातलं आठवत होतं. दोन खुंट्यांवर फ्रेम उभी करायची, दोरी जिथं येईल तिथं खूण. मग फ्रेम उलटी फिरवून, डावा पाय उजव्या खुंटीवर, परत खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये पातळीची रेघ. बांबू थोडा वाकडा असला तरी फरक पडत नाही. मी ते करून दाखवलं. आमचे सरपंच काका खाली बसून बघत होते. म्हणाले, "परत कर." परत केलं. मग त्यांनी स्वतः केलं. पुढच्या बैठकीत चहा दुसऱ्या कुणीतरी आणला.

समितीत नाव घालून काही होत नाही. मला तिथं काहीतरी माझ्याकडचं काम मिळालं तेव्हा मी त्या गटात आले. ताई, तुमच्या तात्यांना आणि आत्यांना काय काम देणार, हे आधी ठरवा. त्यांची नुसती हजेरी लावू नका.

---

सागरतळ

नेदरलँड्समधून. मूळचा फलटणचा, त्यामुळं माणचा डोंगर ओळखीचा.

इथं देशाचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि पाणी बाहेर काढत राहणं हे रोजचं काम. त्यासाठी "वॉटरस्खाप" म्हणजे पाण्याची मंडळं आहेत, आज २१, आणि त्यांची परंपरा तेराव्या शतकापासूनची. त्यांची स्वतःची निवडणूक, स्वतःचा कर. तुमच्या प्रश्नापुरतं एक सांगतो : निवडून आलेल्या प्रतिनिधींशिवाय शेतकऱ्यांसाठी आणि निसर्गक्षेत्रं सांभाळणाऱ्यांसाठी मंडळात राखीव जागा असतात. या जागांवरून इथं सतत वाद होतो, उद्योगांच्या जागा तर अलीकडं काढून टाकल्या. म्हणजे कुणाला हक्काची खुर्ची द्यायची हा प्रश्न एवढी शतकं झाली तरी इथं सुटून गेलेला नाही, दर काही वर्षांनी परत मांडला जातो.

मेंढपाळांना तुमच्या समितीत हक्काच्या जागा दिल्या तर? वाडा बाहेर असेल तेव्हा त्यांच्या वतीनं कोण बोलणार, ते त्यांनीच सांगून जायचं.

---

वाघूर

राम राम. हा धागा मला मित्रानं पाठवला. मी धनगर आहे, खटाव तालुक्यातला. आमचा वाडा अजून जातो. मी स्वतः पुण्यात नोकरी करतो, पण दिवाळीनंतर दोन महिने आई-वडलांसोबत असतोच.

माळवाट ताई, तुम्ही पाच जण माळावर गेलात आणि तासभर ऐकून घेतलंत, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं कुणी येत नाही. आम्हालाच बोलावलं जातं, तेही काही नुकसान झालं की.

इथं सगळ्यांनी पद्धती सांगितल्या, चांगल्या आहेत. मी आमच्या बाजूनं काही सांगतो.

आमचं वर्ष तुमच्या वर्षासारखं नाही. गावाची कामं चैत्र-वैशाखात होतात कारण शेतं रिकामी असतात. तेव्हा आम्ही शंभर-दीडशे किलोमीटरवर कुणाच्यातरी वावरात मेंढरं बसवलेली असतात. आम्ही गावात असतो आखाडापासून दिवाळीपर्यंत. डोंगराचा जो काही निर्णय आहे तो दसऱ्याच्या आत घ्या. खोदाई उन्हाळ्यात करा, त्याला आमची हरकत नाही.

आता आमच्याकडं सगळ्यांकडं फोन आहेत. पण फोनवर सभा ऐकायला लावू नका. वडील फोन कानाला लावून मेंढरामागं चालत असतात, कुत्री भुंकतात, ऐकू काय येणार? त्यापेक्षा सभेतून एक माणूस निघून वाड्यावर या. कऱ्हाडला एसटीनं येता येतं. एक रात्र राहा. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडली, भाकरी झाली की म्हातारी माणसं बोलायला लागतात. तेव्हा जे कळेल ते दिवसा कधीच कळणार नाही.

सागरतळ म्हणतात तसा प्रतिनिधी ठेवायला हरकत नाही. पण तो शिकलेला पोरगा नको. मी असलो तर मीही नको. मला मराठी लिहिता येतं, पण त्या डोंगरावरची कुठली झुडपं मेंढरू खातं आणि कुठली खाऊन फुगतं, ते मला येत नाही. आईला येतं. बायकांना घ्या. कोकरं, आजारी मेंढरू, पाण्याची जागा, हे सगळं बायका बघतात. तुमच्या चराच्या काठाला आत्या उभी होती, तात्या नव्हते, हे लक्षात घ्या.

पाण्याच्या वाट्याचं बोलाल तर आम्हाला उसाचं पाणी नको. जनावरांना प्यायला तळं वैशाखापर्यंत राहिलं तर आमचे काही वाडे बाहेर जायचेच नाहीत. पोरं शाळेत राहतील. माझी धाकटी बहीण चौथीनंतर वाड्याबरोबर गेली ती शाळेत परत आली नाही. तुमच्या पाण्याच्या हिशोबात तळ्याचं पाणी उपसायला मोटर लावायची नाही, एवढी एक ओळ घाला. दुसरं काही मागत नाही.

आणि देण्यासारखं आमच्याकडं आहे. बांधबंदिस्ती केलेल्या ज्या वावरात माती नवी पडलीय, तिथं मेंढरं बसवा. लेंडीखतानं तिसऱ्या वर्षी फरक दिसतो. गावाला हिशोब करायचाच असेल तर हाही धरा.

---

कोरडवाहू

@वाघूर, तळ्यावर मोटर नाही, ही ओळ मी आमच्या गावातही मांडणार. शाळेचं मला कधी सुचलंच नव्हतं.

---

कागदकाच

वाघूर, तुमच्या बहिणीचं वाचून काय लिहावं कळेना. धन्यवाद एवढंच म्हणते.

---

माळवाट

सगळ्यांचे प्रतिसाद मी कागदावर उतरवून काढले आणि काल आमच्या पाच जणांना वाचून दाखवले. गुरुजींना आता नीट दिसत नाही, त्यांनी वाघूर यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

काय ठरलं ते सांगते, अजून गावासमोर गेलेलं नाही.

सभा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, वाडे गावात असताना. जागा शाळेचं पटांगण नाही, तळ्याचा काठ. तिथून डोंगर दिसतो, त्यामुळं कुणी काय म्हणतंय ते बोट करून दाखवता येईल. त्या सभेत निर्णय होणार नाही, नुसतं बोलणं होईल (दगडफूल, हे तुमच्याकडचं). त्याआधी आम्ही तात्या, आत्या आणि वस्तीवरच्या दोन बायकांना घेऊन डोंगर चढणार आहोत. त्यांनी पुढं चालायचं, आम्ही मागून वही घेऊन. चर कुठले दुरुस्त करायचे, कुठले सोडायचे, ते तिथंच ठरेल.

वाटपाचा नियम खोऱ्याला हात लावण्याआधी. ऊसवाल्या चौघांपैकी एक जण आमच्या पाच जणांपैकीच आहे, हे मी आधी लिहिलं नव्हतं. तोच तो, नळीच्या वरच्या अंगाला उभा असलेला. काल येरळाकाठ यांचा प्रतिसाद वाचून झाल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उसाचा खोडवा निघाला की पुढं लावत नाय. पण बाकीच्या तिघांना मी सांगणार नाय, ते मला ऐकणार नायत." दुसरा, खालच्या अंगाचा, म्हणाला, "त्यातले दोघं माझ्या पार्टीतले हायत. त्यांना मी सांगतो."

वस्तीवरच्या पोरीनं पाण्याच्या हिशोबाची वही स्वतःकडं मागून घेतली. विहिरींची पातळी दर महिन्याच्या पाच तारखेला ती मोजणार, तळ्याचीही. वहीच्या पहिल्या पानावर तिनं तळ्यावर मोटर नाही ही ओळ लिहून टाकलीय, ठराव व्हायच्या आधीच. मी म्हटलं, अगं, सभेत ठरू दे. ती म्हणाली, "पेन्सिलनं लिवलंय, वैनी."

@वाघूर, तुमच्या आईंना विचाराल का, आमच्या डोंगरावर स्टायलो गवत टाकलंय, ते मेंढरू आवडीनं खातं का? आमच्या आत्या म्हणतात की नाही खात, कृषीवाले म्हणतात खातं. दसऱ्याच्या आत कळलं तर बी मागवायचं की नाही ते ठरवता येईल.

---

वाघूर

आईला विचारलं. म्हणाली, कोवळं असताना खातं, फुलावर आलं की तोंड लावत नाही. बंद भाग कापायचा तर फुलायच्या आधी कापा. आणि मारवेल गवत लावा म्हणाली, ते जुनं आहे, ते विचारावं लागत नाही.